लेकाच्या मापाची सायकल

टेलर मास्तरांच्या दुकानातून जरासा चुकलेला सदरा घेऊन जायची कुणाची टाप नव्हती. "चालेल हो," असं गिऱ्हाईक म्हणालं की मास्तर चष्म्यावरून बघायचे. "चालेल कसं? खांद्यात ओढतोय. काढा." मग तयार सदरा उसवला जायचा, गिऱ्हाईक ताटकळायचं आणि मास्तर मात्र खुशीत असायचे.

आणि हेच मास्तर रोज सकाळी लेकाच्या सायकलवर जवळजवळ पालथे पडून दुकानात यायचे. लेक नोकरीसाठी दूरदेशी जाऊन चार वर्षं झाली होती. तो वडिलांपेक्षा वीतभर उंच, आणि मास्तर देवाने हात राखून घडवलेले. हँडल खाली, शिवाय लांब. तिथवर पोचता पोचता सगळा भार तळहातांवर यायचा आणि दुकान येईपर्यंत बोटं बधिर व्हायची. पूर्वी मुंग्या दहा मिनिटांत जायच्या. आता दुपार व्हायची.

एके दिवशी पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका दिसला, तेव्हा कुठे त्यांना कळलं की सुई बोटात शिरली आहे. मास्तर मनातून हबकले. सुई धरता येईना, तर मग ते मास्तर कसले? घरी मात्र ते मूग गिळून गप्प बसले.

बायकोपासून काय लपणार! संध्याकाळी सायकलवरून घरी आल्यावर सदऱ्याचं बटण काढताना त्यांची चाललेली झटापट ती आठवडाभर बघत होती.

"ते हँडल वर करून घ्या आधी."

"त्याच्या मापाचं आहे ते. आल्यावर काय म्हणेल?"

"मागच्या खेपेला आला तेव्हा ढुंकून तरी बघितलं का त्याने सायकलकडे? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

शेवटी मास्तर समोरच्या सायकलवाल्याकडे गेले. तो वाटच बघत होता. "या. रोज बघतो तुम्हाला. कळत नाही, सायकल चालवताय की पोहताय!"

त्याने बोल्ट ढिला केला, वरून हातोडीचा हलका ठोका दिला आणि दांडा वर ओढला.

"चार बोटं वर घेतो."

"दोनच घे."

"मास्तर, मी तुमच्या कात्रीत बोट घालतो का?"

सायकलवाल्याने हँडल थोडं त्यांच्याकडे वळवलं, सीट पुढे सरकवली, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि पान्याने बोल्ट आवळला. मास्तर बसले. कोपरं जराशी वाकली, पाठ सरळ झाली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना समोरचा रस्ता मान न ताणता दिसला.

पंधरा दिवसांत मुंग्या थांबल्या. दोरा पहिल्या झटक्यात सुईत जाऊ लागला. पण मन खात होतं. रविवारी लेकाचा फोन आला, तेव्हा त्यांनी चोरी कबूल करावी तसं सगळं सांगून टाकलं.

पलीकडे लेक हसत सुटला. "बरं केलंत, बाबा! मलासुद्धा ते लांबच पडायचं. कॉलेजात असताना मान धरायची माझी रोज."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने आणली होतीत. कसं बोलणार?"

मास्तरांना स्वतःचा भयंकर राग आला आणि लेकाची त्याहून जास्त माया आली. बायको फोनसाठी हात पुढे करून उभी होती, पण त्यांनी तो सोडला नाही.

"आता दुखते का रे मान?" त्यांनी विचारलं.