वैशूला बसवलेली खुर्ची

परवा माझ्या मोबाइलवर वैशूचा फोटो आला. खाली मेणबत्ती, वर लाल अक्षरांत ‘लसीचा बळी’. पाठवणारे कोण, तर तिचे सख्खे काका, नाना! शी... किळस आली हो. माझी भाची जाऊन अजून महिनाही झालेला नाही.

वैशू धुळ्याला नर्सिंगला होती. कॉलेजात सगळ्या मुलींना लस दिली, हिनेही घेतली. पुढे काही आठवड्यांनी गावी गेली आणि तिथून मला जळगावला फोन, “मावशी, चार-पाच दिवस झाले, पायांना मुंग्या येतात गं. ओटा चढवत नाही. आमच्या मॅडम म्हणतात, लगेच मोठ्या दवाखान्यात दाखव.” पण दुसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते ना! घरात शब्द नानांचाच. त्यांनी फर्मान सोडलं, “काय बी नही जयेल तिले, बठ्ठं नाटक शे. पायनी गोट कोनले सांगू नका.” म्हणे सगळं नाटक, आणि पायांची गोष्ट कोणाला सांगायची नाही! पाय अधू म्हणून बोभाटा झाला तर पोरीचं लग्न जमणार नाही, एवढीच त्या माणसाला चिंता.

मी पहिल्या बसने गाव गाठलं. बघते तर काय, पाहुणे यायच्या आधीच वैशूला धरून आणून खुर्चीत बसवलेलं, पायांवर निऱ्या नीट पसरलेल्या. घाईत लावलेलं नेलपॉलिश अजून ओलं. चहाचा ट्रे तिच्या आईने, माझ्या ताईने फिरवला. पाहुण्या बाई म्हणाल्या, “मुलीला जरा चालू द्या की.” नाना हसत म्हणाले, “आमच्यात तशी पद्धत नाही.” निर्लज्ज! वैशू माझ्या कानाशी पुटपुटली, “मावशी, मला उठताच येत नाहीये...” तेव्हा मीच सगळ्यांदेखत ओरडले, गाडी काढा म्हणून.

धुळ्याला पोचेपर्यंत तिच्या हातांतलाही जोर गेला होता. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे. लशीनंतर फार क्वचित होतो, साध्या जुलाब-तापानंतरही होतो, लशीमुळेच झाला असं ठामपणे सांगता येणार नाही. “पण वेळेत आणलेले बहुतेक जण बरे होतात. इतके दिवस काय करत होतात?” श्वासासाठी मशीन लावलं, पण पोरगी वाचली नाही.

आणि सांत्वनाला दारावर येणाऱ्या माणसांना नाना लशीची गोष्ट रंगवून सांगत होते. पायांचं अवाक्षर नाही. बसले होते त्याच खुर्चीत, आणि हात ठेवला होता तिथेच हत्त्यावर वैशूच्या नेलपॉलिशचा लाल डाग होता. माझं डोकंच फिरलं.

“उठा नाना,” मी म्हटलं. “तुम्हाला तर उठता येतं ना?”