खाटांचा कोट

स्नेहल काय संशोधन करते हे लोकांना समजावताना माझ्याच नाकी नऊ येतात. भुसावळच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवते, मी शेजारच्या टेबलावर रसायनशास्त्र. सूर्य मावळला की वातावरणाच्या पार वरच्या थरात खळबळ उडते आणि उपग्रहांचे संदेश त्यातून येताना थरथरतात. ती थरथर मोजणं हा तिच्या पीएचडीचा विषय. मोसम मार्च-एप्रिलचा. दोनदा मिळालेली मुदतवाढ जूनमध्ये संपणार, म्हणजे हाच मोसम शेवटचा.

आमच्या कॉलेजच्या गच्चीला कुलूप, आणि किल्लीसाठी चार अर्ज! वैतागून तिने अँटेना शिरपूरला आईच्या गच्चीवर बसवली. आकडे इंटरनेटवरून इकडे यायचे. दिवसा रेघ सरळ, दिवेलागणीनंतर थरथर. चाळीस संध्याकाळी असंच चाललं. बाई नुसती हवेत होती.

आलेख बघून धुळ्याच्या गाईडनी एकच विचारलं, "ही थरथर रोज चार मिनिटं आधी कशी येते?"

उपग्रह रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतात. वरची खळबळ असलं वेळापत्रक पाळत नाही. म्हणजे संदेश अँटेनाजवळच्याच कशावर तरी आपटत होते, घोळ गच्चीवरच होता.

शनिवारी तिच्यासोबत मीही शिरपूरला गेले. गच्चीवर होळीपासून गल्लीभरच्या बायकांचे ज्वारीचे पापडासारखे बिबडे घडीच्या लोखंडी खाटांवर वाळत होते. सूर्य बुडाला तशा स्नेहलच्या आई द्रौपदाबाई, बिबडे उचलून, एकेक खाट अँटेनाभोवती उभी करू लागल्या.

"आई, हे काय?"

"वांदरं येतंस ना माय. तुना मशीनले हात लागाले नको, म्हणीसन रोज खाटा लाई देस. बठ्ठं बरोबर शे ना?"

माकडांपासून राखायला रोज उभ्या केलेल्या त्या लोखंडावर आपटून संदेश डळमळत होते. चाळीस संध्याकाळी आम्ही खाटाच मोजल्या होत्या, आणि मोसम सरत आला होता! माझं डोकं सणकलं. कॉलेजच्या त्या कुलपावर चिडले, आणि खरं सांगायचं तर स्नेहलवरही. आईला रोज फोन करायची, पण विचारायची एकच, मशीन चालू आहे ना? एकदा तरी विचारायचं, संध्याकाळी गच्चीवर काय करतेस गं?

द्रौपदाबाईंनी एक हात कमरेवर ठेवून दम घेतला. "तुनं काम व्हई गयं का?"

मी तिच्या जागी असते तर ओरडले असते.

"झालं, आई," स्नेहल म्हणाली. मग आईच्या हातातली शेवटची खाट तिने घेतली आणि उरलेल्या जागेत नीट उभी केली.