घरघंटीतले गहू

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी माझ्या मुलीच्या घरघंटीत चार किलो गहू दळले. ही माझी चूक. ती मी कुणाला सांगितली नाही, ही त्याहून मोठी चूक. आणि तिचा ठपका माझ्या वहिनीवर आला तेव्हा मी समोर बसून होतो. त्याला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलगी आता चौदा वर्षांची आहे. आठ वर्षांची असताना तिला सिलिअ‍ॅक असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. गहू पोटात गेला की तिच्या आतड्याला इजा होते. पोळी नाही, बिस्किट नाही, शिरा नाही, आणि कणकेचा हात लागलेला चमचासुद्धा नाही. बाजारच्या हिंगात मैदा मिसळलेला असतो हे मला चाळिशीत कळलं. चिखलीत आमच्या गल्लीतल्या चक्कीवर गव्हाचं पीठ दिवसभर हवेत उडत असतं, म्हणून आम्ही घरघंटी घेतली. लहान फ्रिजएवढी पांढरी पेटी. तिच्यात ज्वारी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ एवढंच दळायचं. बायकोनं हा नियम केला आणि तो सगळ्यात जास्त अभिमानानं पाहुण्यांना सांगणारा मीच होतो.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी चार दिवस तळ्यावर जातो. तळं म्हणजे धरणाचं पाणी. साखरखेर्ड्याकडचं आमचं अर्धं वावर त्या पाण्याखाली गेलं आणि उरलेल्याच्या काठावर दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, दोन खोल्या बांधल्या. वर टिन, पुढे ओसरी, ओसरीतून उतरलं की पन्नास पावलांवर पाणी. सकाळी मासेमार थर्माकोलच्या तुकड्यावर मांडी घालून जाळी काढत असतात. आमचं काम एवढंच की बघायचं, खायचं आणि झोपायचं. त्यातही तिथलं मुख्य जेवण म्हणजे रोडगे. जाड दळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. रोडग्यांशिवाय तळ्यावर गेल्यासारखंच वाटत नाही, असं दादा म्हणतो.

मुलीचं कळलं तेव्हा मला वाटलं होतं की आता हे चार दिवस संपले. वहिनीनं ते संपू दिले नाहीत. पहिल्याच वर्षी तिनं ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी चूल घातली. नवा तवा आणि नवी परात आणली, दोन्हींना लाल दोरा बांधला. रोडग्यांची कणीक भिजवण्याआधी ती अंघोळ करून पोरीच्या भाकरी थापून मोकळी व्हायची, मगच गव्हाला हात लावायची. दादाला सांगून तिनं वावरात ज्वारीची चार तासं, म्हणजे चार ओळी, पेरून घेतली, कारण हुरडा पोरीला सगळ्यांच्या पंगतीत बसून खाता येतो. वहिनी चौथी शिकलेली आहे. तिनं डॉक्टरांचा पथ्याचा कागद कधी वाचला नाही, पण आमच्या घरात हे पथ्य सगळ्यात बिनचूक तिनंच पाळलं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात दादाचा फोन आला की गावची चक्की बंद आहे, रोडग्यांचं पीठ तूच दळून आण. मी हो म्हणालो आणि विसरलो. निघायच्या दिवशी दुपारी आठवलं. आमच्या गल्लीतल्या चक्कीवर डब्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. पोरीची ज्वारीही दळायची राहिली होती. बायको शाळेत, मुलगी शिकवणीला. मी घरघंटीचं झाकण उघडलं आणि गहू ओतले. दळून झाल्यावर ब्रशनं झाडलं, ओल्या फडक्यानं पुसलं, मूठभर ज्वारी दळून फेकून दिली आणि मग तिची ज्वारी दळली. आपण किती काळजी घेतली, असंही मला वाटलं.

तळ्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग उलट्या. ती पोटाशी गुडघे घेऊन खाटेवर पडली आणि बाहेर रोडग्यांच्या विस्तवावर राख धरत गेली. बायको आत-बाहेर करत होती. ओसरीत वहिनी लाल दोऱ्याचा तवा घासत होती. बायको तिच्यापाशी थांबली आणि हळू आवाजात, पण दादाला आणि आत खाटेवरच्या पोरीलाही ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, हात नीट धुतले होते ना?"

एवढंच. ती भांडली नाही. वहिनीनं तवा खाली ठेवला.

"राखेनं धुतले, मंग साबणानं धुतले," वहिनी म्हणाली. मग स्वतःच्या हातांकडे बघून म्हणाली, "पण लागला असंन बापा एखांदा कण. आपल्याले काय दिसते."

मी तिथून चार हातांवर होतो. माझ्या हातात ओआरएसची पुडी होती आणि ती मी फार वेळ फाडत होतो.

चिखलीला परतल्यावर मी घरघंटी उघडली. जाळीच्या भोकांत आणि खालच्या कडेला गव्हाचा तांबूस कोंडा घट्ट बसला होता. नखानं काढावा लागला. बायकोनं विचारलं की आज काय सफाई काढली. मी सांगितलं, मुंग्या झाल्यात. नवी जाळी आणून बसवली. मुलगी आठवड्याभरात सावरली, शाळेत जायला लागली. मला मात्र वर्षभर एका जागी बसवेना. ऑफिसात फाईल उघडली की उठून पाणी प्यायला जायचो. दोनदा वहिनीला फोन लावला आणि सोयाबीनचा भाव विचारून ठेवून दिला. ती प्रत्येक वेळी पोरीची तब्येत विचारायची. पूर्वी ती आधी पोरीलाच फोन द्यायला सांगायची. आता तसं म्हणत नव्हती.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. गाडीतून उतरताच मी ओसरीचं दुसरं टोक पाहिलं. पोरीची चूल एका बाजूनं खचली होती, तिच्यावर सारवणाचा हात फिरलेला नव्हता. वहिनीनं आतून स्वच्छ धडप्यात बांधलेलं एक गाठोडं आणलं आणि बायकोच्या हातात दिलं. परात आणि तवा. दोरा तसाच होता.

"घ्या बाई, यंदा तुमच्याच हातानं करा," ती म्हणाली. रागानं नाही. हसली पण.

बायकोला ज्वारीची भाकरी थापता येते, पण चुलीवर नाही. पहिली तव्यावर टाकताना मोडली, दुसरी कडेनं फाटली. मुलीनं तुकडे गोळा करून दुधात कुस्करले. खाता खाता म्हणाली, "मोठी आई, तू एक तरी कर ना." वहिनी मिरच्या खुडत होती. ती म्हणाली, "माह्या हाताले नको सांगू माय," आणि पोरीकडे न बघता मिरच्या खुडत राहिली.

मी उठून पाण्यापर्यंत गेलो. पाणी यंदा बरंच मागं हटलं होतं, काठावर काळ्या चिखलाला भेगा होत्या आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. परत आलो. खाटेवर बसलो. पुन्हा उठून ज्वारीच्या तासांपर्यंत गेलो. चारच्या चारही तासं उभी होती, कणसं दुधात आलेली. भाकरीला हात लावायचा नाही असं ठरवूनही तिनं पोरीसाठी ज्वारी पेरायला लावली होती. तिथं मला उभं राहवेना.

"पायात भोवरा आहे का बे तुह्या?" दादानं ओसरीतून विचारलं. "बस ना जराकसा."

मी बसलो. तो रोडग्यांची कणीक मळत होता. यंदाचं पीठ मी रांगेत उभा राहून चक्कीवरून आणलं होतं. दादानं ते बोटांत घोळवलं आणि म्हणाला की यंदाचं पीठ बारीक झालं, मागल्या साली मस्त रवाळ होतं, घरघंटीवर दळल्यासारखं.

तो सहज बोलला होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. मी काही बोलायच्या आत बायको परातीवरून मान वर करून म्हणाली, "नाही हो भाऊजी. आमच्या घरघंटीत गहू जातच नाही. हे तर गव्हाचं पोतं दारातसुद्धा ठेवू देत नाहीत." आणि ती माझ्याकडे बघून हसली, आपल्या माणसाकडे बघावं तशी.

हुरड्यासाठी विस्तव पेटवला होता. मुलगी कणसं निवडत होती. वहिनी शेंगदाण्याची चटणी वाटीत काढत होती. सगळे ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते, मागच्या वेळी होते तसेच. मी वर्षभर ठरवलं होतं की वहिनीला एकटीला गाठून सांगीन. त्या क्षणी कळलं की एकटीला सांगून भागणार नाही. तिच्याकडे बोट सगळ्यांसमोर दाखवलं गेलं होतं.

मी उभा राहिलो. ओसरीच्या खांबाला धरलं.

"गेला होता," मी म्हणालो. "घरघंटीत गहू गेला होता. मीच दळला. मागच्या साली, निघायच्या दिवशी."

दादाचे हात कणकेत थांबले. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. मुलीनं कणीस खाली ठेवलं आणि विचारलं, "मग बाबा, तुम्ही तेव्हा बोलले काऊन नाही?" मी भ्यालो होतो, एवढंच खरं आहे आणि ते पुरेसं नाही.

वहिनी चटणीची वाटी हातात धरून तशीच उभी होती. मी तिच्यासमोर गेलो. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी सातवीत होतो. मला डबा तिनं भरून दिलेला आहे. तिच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून मी तिच्या हातांकडे बघत बोललो.

"वहिनी, तुमच्या हाताले काहीच लागलं नव्हतं. कण माह्या घरून आला होता, आणि मले ते त्याच दिवशी समजलं होतं. तुमच्यावर नाव आलं अन् मी गप बसलो. वर्षभर गप बसलो. मले माफ करा."