आर्डेलाबाईंचा डावा पाय

आर्डेला प्रुइट यांच्याशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून जावं. त्या लवकर आटोपत नाहीत. मी, कॅझ नोविकी, त्यांचा शेजारी. उभा जन्म गाड्यांना सायलेन्सर बसवण्यात गेल्यामुळे मला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, आणि आमचं इतकी वर्षं जमलं ते त्यामुळेच, असं माझी बायको म्हणते.

बाई आर्कान्सामधून आमच्या मिशिगनला आल्या तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या. गाड्यांच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या बुडाखालच्या गाद्या शिवून त्यांनी सत्तर साली स्वतःसाठी गाडी घेतली. जांभळी प्लायमाउथ, दोन दारांची, पुढे आठ सिलिंडरच्या इंजिनाचं धूड. दुकानातला विक्रेता म्हणाला होता, "नवऱ्याला घेऊन या." बाई म्हणाल्या, "नवरा बसने येतो. गाडी मला हवीय." मग तो म्हणाला की बायकांना आपोआप गिअर बदलणारी गाडी सोपी पडते. हे सांगताना बाईंचा आवाज अजूनही चढतो. "मी त्याला म्हटलं, ज्या गाडीत हाताला काम नाही ती गाडी नाही, सोफा आहे. सोफे मी रोज शिवते."

तेव्हापासून ती गाडी त्यांच्याकडे आहे. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ पत्रा खातं, म्हणून थंडीभर गाडी गॅरेजमध्ये चादर पांघरून पडते. वसंतात चादर निघाली की पहिल्यांदा उंदरांचा हिशेब होतो, कारण दरवर्षी एखादं कुटुंब मागच्या सीटमध्ये संसार थाटून बसलेलं असतं. मग बाई बुटक्या स्टुलावर बसून प्लग काढणार, कार्ब्युरेटर उघडणार, पेट्रोलने हात धुणार आणि रविवारी तेच हात पांढऱ्या मोज्यांत घालून चर्चला जाणार. अत्तर कितीही लावलं तरी त्यांच्या बाकावर पेट्रोलचा वास येतो. पाद्रीबाबांनी एकदा हळूच तसं सुचवलं. बाई म्हणाल्या, "देवाला चालतो. त्याने काही तक्रार केलेली नाही."

ट्रेलरवर गाडी लादून प्रदर्शनाला आणणाऱ्या लोकांचा त्यांना फार राग. मलाही आहे. भोवती दोरी लावून, कापसाने पुसून, खाली आरसे अंथरून उभी करायची, इंजिन गरमसुद्धा होऊ द्यायचं नाही! अशी गाडी ठेवण्यापेक्षा कपाट घ्यावं.

तर गेल्या शरदात त्यांचा डावा गुडघा दगा देऊन गेला. चर्चच्या फाटकाशी गाडी गिअरमध्ये होती, क्लच दाबलेला होता, आणि पाय अचानक सुटला. गाडीने झेप घेतली आणि फाटकाचा खांब वाकवला. बाईंचं म्हणणं, खांब आधीच वाकडा होता. नव्हता. मी तिथेच उभा होतो.

हिवाळ्यात गुडघा बदलला. वसंतात त्यांचा मुलगा क्लिफ्टन आला. विमा कंपनीत काम करतो, इस्त्रीच्या शर्टाशिवाय घराबाहेर पडत नाही, पण माणूस वाईट नाही, आईवर जीव आहे त्याचा. तो म्हणाला की आपण हा गिअरबॉक्स काढून आपोआप गिअर बदलणारा बसवू. एका गॅरेजशी बोलूनही ठेवलंय.

"माझ्या गाडीबद्दल तू परक्या माणसाशी बोललास?"

"आई, डॉक्टर म्हणाले हळूहळू क्लच दाबायला हरकत नाही. म्हणजे तो साधा क्लच. तुझा क्लच दाबताना कॅझकाकांचेसुद्धा डोळे पांढरे होतात!"

"कॅझचे डोळे जिना चढतानाही पांढरे होतात."

"आई, त्या खांबाच्या जागी कुणाचं पोर असतं तर?"

  हातातलं फडकं बाईंनी घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. मग म्हणाल्या, "तर मी पुन्हा कधी चाकाला हात लावला नसता. तुझं खरं आहे. पण तो जुना गुडघा होता. नव्याची परीक्षा घे. तूच बस शेजारी. नापास झाले तर किल्ली तुझी. मग गिअरबॉक्स बदल, नाहीतर गाडीत कोंबड्या पाळ."

परीक्षाही त्यांनीच निवडली. ऑगस्टमधला वुडवर्ड रस्त्यावरचा शनिवार. त्या दिवशी आमच्या भागातली झाडून सगळ्या जुन्या गाड्या त्या रस्त्यावर येतात आणि गोगलगाईसारख्या सरकतात. दुतर्फा लोक घडीच्या खुर्च्या टाकून, बर्फाच्या पेट्या घेऊन बसलेले. बघायला मजा, चालवायला नरक. दर दोन हातांवर क्लच दाबा, सोडा, दाबा, सोडा. तरणे पोरगेसुद्धा संध्याकाळी लंगडतात. अटी ठरल्या. रस्त्याच्या एका टोकाला पाँटिॲक, तिथून निघून दुसऱ्या टोकाच्या फर्नडेलला पोचायचं. लाल दिव्याला आणि गर्दीत थांबावं लागेल तेवढंच थांबायचं. कुठल्याही कारणाने गाडी कडेला घेतली की बाई हरल्या. मी पंच, मागच्या सीटवर. उंदरांच्या जागी.

सकाळी बाई चर्चची जांभळी टोपी घालून आल्या. निघालो. पहिला अर्धा रस्ता छान गेला. पाय खाली, पाय वर, चेहऱ्यावर रेष नाही. क्लिफ्टन रस्त्याकडे कमी आणि त्या गुडघ्याकडे जास्त बघत होता.

"असा बघू नकोस. दूध उतू जायचंय का?" बाई म्हणाल्या.

पण ऊन चढलं, गाड्यांची दाटी झाली, आणि पाय राहिला बाजूला, गाडीच तापायला लागली. ही इंजिनं वाऱ्यावर पळायला बनवलेली. रांगायला लावलं की त्यांना ताप भरतो. काटा सरकत लालच्या दिशेने निघाला.

"आई, काटा बघ. बाजूला घे."

बाईंनी उत्तर म्हणून हीटर सुरू केला. पूर्ण. ऑगस्टमध्ये. जुन्या गाडीवाल्यांना हे माहीत असतं. इंजिनची उष्णता आत ओढून घेतली की इंजिनला थोडा दिलासा मिळतो. माणसांना मिळत नाही. पायाशी भट्टी पेटल्यासारखी हवा यायला लागली. क्लिफ्टनचा इस्त्रीचा शर्ट बघता बघता पोतेरं झाला.

"तू वेडी आहेस का गं?"

"गाडी गरम झालीय. तू का होतोयस?"

तरीही काटा चढतच राहिला. शेवटी बाईंनी गिअर मोकळा केला, इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, "उतरा. ढकला."

"काय?"

"गाडी कडेला घ्यायची नाही एवढंच ठरलंय. इंजिन चालूच पाहिजे असं कोण म्हणालं? पंच, सांग याला."

पंचाने नियम आठवून पाहिला. बाईंचं बरोबर होतं. मी आणि क्लिफ्टन उतरलो आणि मागून खांदा लावला. खुर्च्यांतल्या लोकांना तर आनंदच झाला. दोन दांडगे गडी हातातलं खाणं टाकून धावत आले. अशी ती जांभळी गाडी आम्ही रांगेतून ढकलत नेली, आणि आत बाई टोपी सावरत लोकांना हात करत होत्या, जणू वरात चाललीय.

बऱ्याच वेळाने काटा उतरला. पुढची गर्दीही फुटली. बाईंनी किल्ली फिरवली आणि नुसतं टक् वाजलं. स्टार्टर तापून बसला होता. तो गार होईपर्यंत रुसतो, हा त्याचा जुना स्वभाव. मागून हॉर्न सुरू झाले.

"संपलं, आई," क्लिफ्टन धापा टाकत म्हणाला. "घे आता कडेला. तू छान चालवलीस, खरंच. पण संपलं."

"दुसऱ्या गिअरमध्ये टाकतेय," बाई ओरडल्या. "जोर लाव!"

आम्ही चौघांनी धावत जोर लावला. बाईंनी क्लच सोडला, गाडी आचका देऊन खोकली आणि मग अशी काही गरजली की माझ्या बहिऱ्या कानालाही ऐकू आली. आणि गेली. आमच्यासाठी थांबायचं म्हणजे कडेला घ्यायची, आणि कडेला घ्यायची म्हणजे हरायचं. बाईंनी आरशात पाहिलंसुद्धा नाही. रस्त्याच्या मधोमध मी, पंच, आणि माझ्या शेजारी हात काळे झालेला, घामाने न्हालेला क्लिफ्टन.

"आता कोण बघणार ती थांबली की नाही ते?" तो म्हणाला. रडकुंडीला आला होता. "काका, तिचा पाय सुटला तर? मी शेजारी नाहीये!"

आम्ही चालायला लागलो. पहिल्या खुर्च्यांपाशी त्याने विचारलं, "जांभळी गाडी बघितलीत का? टोपीवाल्या बाई? थांबल्या का कुठे?"

"थांबल्या?" एक म्हातारा हसला. "मी फोटो काढायला पुढे गेलो तर म्हणाल्या, बाजूला हो रे, मला काम आहे."

पुढे एक जोडपं कणसं भाजत बसलं होतं. त्यातली बायको म्हणाली, "हीटर चालू होता हो त्यांचा! खिडकीतून झळ आली. मी पाणी देऊ केलं. म्हणाल्या, हात मोकळा नाही, तोंडावर मार. मारलं!"

त्याच्या पुढे एक दाढीवाला. त्याची स्वतःची गाडी झाकण उघडून वाफा सोडत कडेला पडली होती. "पोरं रस्ता ओलांडत होती तिथे," तो म्हणाला. "सगळे हॉर्न मारत होते. त्या बाईंनी क्लच दाबून धरला, शेवटचं पोर पार होईपर्यंत. मी त्यांचा पाय बघत होतो, मला माहितीये तो क्लच. थरथरत होता पाय. पण सोडला नाही. तुमच्या कोण त्या?"

 क्लिफ्टन म्हणाला, "आई."

त्यानंतर तो विचारत नव्हता, लोकच सांगत होते. कुणी त्याच्या हातात सॉसेजचा पाव दिला, कुणी थंड सोडा. फर्नडेलपर्यंत जाता जाता तो बूट काढून मोज्यांवर चालायला लागला होता. आणि चक्क हसत होता. त्याला तसं हसताना मी शेवटचं तो शाळेत होता तेव्हा पाहिलं असेल.

फर्नडेलला गाडी सावलीत उभी होती. बाई स्टिअरिंगमागे सरळ बसलेल्या, टोपी जागच्या जागी, चेहरा राखेसारखा.

"पोचलात का?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वाटेत लग्न करून संसार मांडलात."

क्लिफ्टन खिडकीशी वाकला. "थांबली नाहीस. सगळ्या वुडवर्डने सांगितलं. मान्य. पाय कसा आहे?"

"दुखतोय. खूप दुखतोय. दुखतोय म्हणून काय दुसऱ्याचा होतो?"

"बाहेर ये बघू."

बाईंनी दार उघडलं. उजवा पाय खाली ठेवला. डावा हलेना. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. दोन्ही हातांनी मांडी उचलून पाहिली, तरी जमेना. मी पुढे झालो तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी होतो तिथेच राहिलो.  आता हा किल्ली मागणार, आणि त्याचं चूकही नाही, असं वाटलं.



बाईंनी उजवा पाय पुन्हा आत घेतला आणि दार ओढून घेतलं. "बाहेर यायचं कुठे ठरलं होतं?" त्या म्हणाल्या.

क्लिफ्टनने खिशातून फोन काढला. त्या गॅरेजलाच लावला. "प्रुइट बोलतोय. ते गिअरबॉक्सचं रद्द करा. नाही, नाही, आई काही म्हणाली नाही. मी म्हणतोय."

मग तो समोरच्या टपरीतून बर्फ घेऊन आला, पलीकडच्या दाराने आत शिरला, आणि त्या शर्टानिशीच आडवा वाकून आईच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसला. बाई मान ताठ ठेवून समोर काचेतून बघत होत्या आणि जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवत होत्या.