परातीतले देव आणि मयूरीची सेमीफायनल

आज सकाळी आमच्या घरचे देव पाण्यातून बाहेर काढले.

जिच्यासाठी ठेवले होते, ती वहिनी आता नाही.

काल तेरावा झाला. सुतकात देवांना हात लावायचा नाही, म्हणून इतके दिवस ते परातीत तसेच बसून होते.

सुमनवहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. मी गावच्या शाळेत जायचो तेव्हा ती या घरात आली. मला भाऊजी म्हणायची आणि कान धरून अभ्यासाला बसवायची.

तुमच्यातले बरेच जण तिला "मयूरीची आई" म्हणून ओळखतात. चांदवडजवळच्या आमच्या गावातून भारताच्या फुटबॉल टीमपर्यंत गेलेली मयूरी.

काही वर्षांपूर्वी दक्षिण आशियातल्या देशांची मुलींची स्पर्धा होती. सेमीफायनल. समोर नेपाळ.

वहिनीने सकाळीच देव्हाऱ्यातले देव परातीत घेतले आणि वरून पाणी ओतलं.

"पोरगी जिंकल्याबिगर काढायचे नाय," म्हणाली.

दुपारी दादा, वहिनी आणि मी मोबाईलसमोर. मोबाईल शेंगदाण्याच्या डब्याला टेकवलेला.

मयूरीने पहिला गोल केला. दादाने अशी आरोळी ठोकली की शेजारचे काय झालं म्हणून धावत आले.

मग एका बॉलवर मयूरी आणि त्यांची गोलकीपर एकमेकींवर आदळल्या. मयूरी उठली. ती पोरगी उठेना. मनगट धरून रडत होती.

शेवटी हाताला पट्टी बांधून घेतली आणि पुन्हा गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

वहिनी उठून आत गेली. आम्हाला वाटलं, चहा ठेवायला गेली. परत आली ती पदराला हात पुसत.

"देव काढले मी."

दादा ओरडला, "अगं, मॅच कुठं संपलीय अजून!"

"त्या पोरीच्या आईनं पण ठेवले असतील की. देवानं ऐकायचं कुणाचं?"

आपण एक-दोनने हरलो.

शिट्टी वाजली तेव्हा मयूरीचे डोळे भरले होते. पण आधी ती त्या गोलकीपरकडे गेली. उजव्या हाताला पट्टी, म्हणून तिचा डावा हात हातात घेतला. मग बाजूला जाऊन रडली.

वहिनीने मोबाईलवरूनच कडाकडा बोटं मोडून दोघींची दृष्ट काढली.

दादा पुढे कितीतरी दिवस टोमणे मारायचा, "तू देव काढले, तिथंच मॅच गेली."

वहिनी भाकरी थापता थापता म्हणायची, "मग तुम्ही बसायचं होतं पाण्यात. अंघोळ तरी झाली असती."

यंदा वहिनी नाशिकला दवाखान्यात होती. डॉक्टरांच्या बोलण्यातला जोर गेला, तेव्हा मी देव पाण्यात ठेवले. तिला फोनवर सांगितलं.

"काढा भाऊजी," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू घरी ये, मग काढतो."

मग म्हणाली,

"लय हट्टी तुम्ही. बरं, पाणी तरी रोज बदला."

रोज बदललं.

ती घरी आली नाही.

आज सकाळी मी परातीपुढे बसलो, पण हात पुढे जाईना. रोज पूजा करणारा माणूस मी. देवावर रागावलो होतो, आणि रागावलोय हे कुणाला सांगताही येत नव्हतं.

मयूरी शेजारी येऊन बसली. आईच्या जुन्या साडीच्या फडक्याने एकेक देव पुसू लागली. अन्नपूर्णा. बाळकृष्ण. खंडोबाचा टाक.

शेवटचा देवीचा टाक तिने माझ्या हातात ठेवला.

"काका, हरल्यावर आधी हात मिळवायचा. मग रडायचं."

मी टाक देव्हाऱ्यात ठेवला. हात जोडले.

मग रडलो.

वहिनी, देव जागेवर बसलेत. कोरडे आहेत.

तू सुखाने जा.