डोमाजी मामा उठेपर्यंत

समजा, तुम्ही कॉम्प्युटरच्या आत राहता आणि तुमच्याकडे एकच काम आहे: आतल्या प्रोग्रामांनी काढलेली चित्रं केबलमधून बाहेरच्या पडद्यापर्यंत पोचवायची. एक चित्र अर्धं पाठवून झालंय, दुसरं हातात आहे, तिसऱ्याची मागणी येऊन पडलीय. इतक्यात बाहेरून कोणीतरी, काही न सांगता, केबल उपटली. पडदा गेला. आतल्या प्रोग्रामांना मात्र याचा पत्ता नाही, ते मागतच आहेत. आता हातातल्या चित्राचं काय कराल? मागणाऱ्यांना काय सांगाल? आणि पसारा कधी आवरायला घ्याल?

मोनाली काळमेघला हे प्रश्न सोडवण्याचाच पगार मिळतो.

अमरावतीतली आमची छोटी कंपनी एक डबी बनवते. ती कॉम्प्युटरला जोडली की प्रोजेक्टर चालतो. डबी मी बनवतो. डबीशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे वर सांगितलेलं आतलं काम करणारा प्रोग्राम, मोनाली लिहिते. भातकुलीत तिच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, "पोट्टी डायवर बनवते" असं सांगितलं तेव्हा शेजारी म्हणाले, "मंग आमच्या पोट्ट्यालेबी शिकव म्हना, टॅक्टर." पंजाबरावांनी हा गैरसमज अजून दूर केलेला नाही. गावात तिचा मान वाढलाय, असं त्यांचं म्हणणं.

अकोल्याच्या एका कॉलेजने आमच्या डब्या वापरून पाहायला घेतल्या होत्या. तिथे चारुशीला मॅडम अर्थशास्त्र शिकवतात. तास संपला की प्रोग्राम बंद करणं वगैरे त्यांना मान्य नाही. घंटा होते, त्या केबल उपटतात, पर्स उचलतात आणि निघतात. त्याबरोबर वर्गातला कॉम्प्युटर कोसळायचा, म्हणजे जागीच बंद पडायचा. कारण केबल निघताच मोनालीचा ड्रायव्हर सगळं आवरून, मेमरी परत करून मोकळा व्हायचा, आणि मॅडमचा बेखबर प्रोग्राम पुन्हा त्याच जागी हात घालायचा. तिथे काहीच उरलेलं नसायचं.

मालकांनी मोनालीला बोलावून घेतलं. "पुढच्या खेपेलाही हेच झालं, तर डब्या परत येतील. मग ड्रायव्हर दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावा लागेल." कॉलेज सुटल्यापासून मोनालीने हा एकच ड्रायव्हर लिहिलाय. तो गेला, तर तिला ऑफिसात दुसरं काम नव्हतं.

तिने उपाय केला. ड्रायव्हर आता थांबणार होता. शेवटचा प्रोग्राम स्वतःहून हात काढून घेईपर्यंत काहीच आवरायचं नाही. आमच्या टेबलावर हे झकास चाललं. टेबलावर आम्ही प्रोग्राम बंद करत होतो, एवढाच काय तो फरक.

आम्ही अकोल्याला गेलो. मॅडमनी केबल उपटली. कॉम्प्युटर कोसळला नाही. काहीच झालं नाही. म्हणजे नंतरही काही होईना. पुढच्या तासाच्या सरांनी केबल लावली, तर पडदा काळाच. कॉम्प्युटर बंद करू म्हटलं, तर बंदही होईना. मॅडमचा प्रोग्राम कोपऱ्यात उघडा पडला होता आणि ड्रायव्हर अदबीने त्याची वाट पाहत उभा होता. सरांनी शेवटी खडू घेतला.

परतीच्या गाडीत, बडनेरा येत आलं तेव्हा, मी मोनालीला म्हणालो, "तू आतमंदी पंगत बसवली काय वं? शेवटचा उठल्याबिगर कोनी उठाचंच नाही?"

"मंग काय जेवत्या मानसाच्या समोरून पत्रावळ उचलू?"

"पयल्या टायमाले उचललीच होती ना तू."



त्या रविवारी काळमेघांच्या शेतात रोडगे होते. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी आणि वरण. सगळ्या ऑफिसला बोलावणं होतं. पहिल्या पंगतीत पंजाबरावांचे मामा, डोमाजी, बसले. काळमेघांकडे सगळ्यांत मोठं माणूस उठेपर्यंत पंगत उठत नाही. आणि डोमाजी मामांचा हिशेब असा, की वरण उरलं म्हणून रोडगा घ्यायचा आणि रोडगा उरला म्हणून वरण. बाकीचे सुकलेले हात घेऊन बसले होते आणि दुसऱ्या पंगतीचे आम्ही उपाशी उभे होतो.

भूक मोनालीलाच आधी असह्य झाली. "बाबा, आमी तिकडे निंबाखाली बसतो."

"पयली पंगत उठू दे ना वं," पंजाबराव म्हणाले. "मामा जेवून राहिले."

"जेवू द्या ना. त्याइची पत्रावळ कोन उचलून राहिलं? बाकीच्याइले हात धुऊ द्या." मग ती वरणाची बादली घेतलेल्या भावाकडे वळली. "अन् श्याम, मामाले आता वाढू नको. मांगतलं तं सांग, संपलं."

मामांनी मागितलं. श्यामने संपलं म्हणून सांगितलं. मामा "बरं" म्हणाले आणि समोर होतं ते खात राहिले. रागावणं नाही, काही नाही.

निंबाखाली आम्हाला वाढून झालं, पण मोनाली रोडगा फोडेचना. मामांकडे पाहत बसली होती.

"जेव ना वं," मी म्हणालो.

"मांगनाऱ्याले नाही म्हननं वेगळं, अन् त्याची पत्रावळ उचलनं वेगळं," ती म्हणाली. "मी पयले दोन्ही संगच केलं. मंग दोन्ही केलंच नाही."

तिचा रोडगा गार झाला. ड्रायव्हर मात्र त्या आठवड्यात सुधारला. आता केबल निघाली की तो डबीला हात लावत नाही. कोणी चित्र दाखवायला सांगितलं की लगेच "संपलं" म्हणतो. जुन्या प्रोग्रामची मेमरी तो प्रोग्राम उठेपर्यंत तशीच ठेवतो, पण स्वतः वाट पाहत उभा राहत नाही. नवी केबल लागली की निंबाखाली नवी पंगत.

पुन्हा अकोला. घंटा झाली, मॅडमनी केबल उपटली. पुढच्या सरांनी लावली. पडदा उजळला, सर शिकवू लागले. मोनाली दाराशी उभी होती.

मॅडम पर्स घेऊन आमच्यापाशी आल्या. "तुम्ही आज काहीतरी करून दाखवणार होतात ना? दाखवा, मी थांबते."

"झालं, मॅडम."

"कधी?"

डब्या कॉलेजात राहिल्या, ड्रायव्हर मोनालीकडे राहिला. पण दिवसभराचे तास झाल्यावर, निघण्यापूर्वी तिने वर्गातला कॉम्प्युटर तपासला. मॅडम दर तासाला प्रोग्राम नव्याने उघडतात आणि जुना तसाच टाकून जातात. आत उष्ट्या पत्रावळींची, म्हणजे अडकून पडलेल्या मेमरीची, रांग लागली होती, आणि त्यांच्यावर बसलेल्या कोणाचाच उठायचा विचार दिसत नव्हता.

परतीच्या गाडीत तिने घरी फोन लावला आणि तो डोमाजी मामांना द्यायला सांगितला.

"मामा, त्या दिवशी तुमी शेवटी उठले, थे काहून उठले? पोट भरलं, का समोरचं सरलं, का कोनी काई म्हनलं?"