मागच्या सालचा सिलॅबस

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी रागाच्या भरात काय काय सांगून बसलेलो. तुम्ही समोर नाही आहात, म्हणून लिहितोय.

मी कल्याणात एका कॉलेजात शिपाई होतो. शिक्षण चौथी. इंग्रजी कागद उलटा दिला तरी मला सुलटाच, त्यातले आकडेसुद्धा कळायचे नाहीत. पण कबूल कोण करणार? सिलॅबसच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. पोरं मला विचारायची, मी ठासून सांगायचो.

आणि ते युनिव्हर्सिटीवाले — दरसाल एक पुस्तक काढायचं, दुसरं घालायचं. मुंबईत बसून यांना दुसरा उद्योग नव्हता? वर आमच्या हेडक्लार्कचा हुकूम, जुने गठ्ठे टाकायचे नाहीत. कपाट फुटायला आलेलं. नवं कुठलं, जुनं कुठलं — डोकं उठायचं. विचारता आलं असतं की. नाही विचारलं.

खडवलीची सुमन नावाची मुलगी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी तिला हजेरीची सूट दिलेली. घरी अभ्यास करायचा, परीक्षेला यायचं. बापाने बजावलेलं — पास झालीस तर पुढे शीक, नाही तर लग्न. हे तिनेच मला सांगितलं, सिलॅबस न्यायला आली तेव्हा. मी हाताला आला तो गठ्ठा ओढला, एक प्रत दिली.

"दादा, यावर मागचं साल आहे."

"मग? आदल्या सालीच छापून ठेवतात. कॉलेज तू चालवतेस का मी?"

ओशाळली, गेली.

दिवाळीच्या आधी एका प्रोफेसरांनी तो गठ्ठा पाहिला आणि माझ्यावर खेकसले — हा कशाला बाहेर काढलास, इंग्रजीचं पुस्तक बदललंय. वर्गातल्या पोरांना त्यांनी कधीच सांगितलेलं. राहिली फक्त सुमन. परीक्षा लांब होती. खडवली काय परदेशात आहे? मी स्टेशनपर्यंत गेलेलोही. तिकीट नाही काढलं. जिला झापलं, तिच्यापुढे जाऊन म्हणायचं, मला इंग्रजी वाचता येत नाही? मी?

इंग्रजीत नापास झाली. बाप तिला घेऊन ऑफिसात आला. "यांनीच दिला," ती म्हणाली, "मी विचारलंसुद्धा होतं." हेडक्लार्कने माझ्याकडे बघितलं.

"चालू सालचाच दिला," मी म्हटलं. "जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं असेल हिला, तेच वाचत बसली."

बापाने माझं ऐकलं. ती काही वेळ माझ्याकडे बघत राहिली — मी खरं बोलेन असं वाटलं असेल का तिला अजून? मी कपाटाची कडी चाचपत होतो. मग बापाला "चला, अण्णा," म्हणाली.

मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. मला कोणी बोल लावला नाही. पुढच्या जूनमध्ये नवा सिलॅबस आला, तोही मीच वाटला.